साचा केसभर मोठा

९ जानेवारी

ती. दादांस, धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तुम्ही रागावला असाल. पण तुमची रागवायची रीत मला पाठ आहे. दोन दिवस कानस जोरात चालवायची आणि तिसऱ्या दिवशी आपण कशावर चिडलो होतो ते वहिनीला विचारायचं.

इकडे सगळे बरे. तुमचे घड्याळजी, म्हणजे हे, दिवसभर डोळ्याला भिंग लावून दुकानात बसतात. संध्याकाळी बाबांची बंदूक मांडीवर घेऊन पुसत बसतात. सासऱ्याच्या बंदुकीवर एवढी माया आणि सासऱ्याच्या लेकीला साधा चहाचा कप विचारत नाहीत, असं मी म्हटलं. तर म्हणतात कसे, बंदूक उलट बोलत नाही.

तुम्ही नळी आतून घासून दिल्यापासून ती फारच गुणी झाली आहे. नळीचा घेर वाढला म्हणून तुम्ही जो नवा साचा कापून दिलात, त्यातली गोळी अगदी बरोबर बसते. तेलाच्या चिंधीत गुंडाळून नळीच्या तोंडावर ठेवली की अंगठ्याच्या दाबानं आत शिरते आणि गजानं सरळ दारूवर जाऊन टेकते. मागच्या महिन्यातल्या सरावात यांच्या पाच गोळ्या एका बशीत मावतील एवढ्या जवळ लागल्या. ठासणीची बंदूक आता कोण चालवतं म्हणून हसणारे नेमबाजी मंडळातले लोकही उठून बघायला आले. या रविवारी वर्षाचा मोठा सामना आहे. बोलून दाखवत नाहीत, पण यंदा जिंकायचंच असं यांनी मनात धरलं आहे.

आता माझी कर्तबगारी ऐका. तुम्ही दिलेली शिशाची लगड संपली. हे म्हणाले, सामन्यापुरत्या जुन्या गोळ्या आहेत. पण मी गप्प बसणारी आहे का? आमच्या छापखान्यात अक्षरांच्या झिजलेल्या खिळ्यांची एक पेटी भंगारात जायची होती. फोरमनना विचारून त्यातले पिशवीभर खिळे घरी आणले, शेगडीवर वितळवले आणि तुमच्या साच्यात गोळ्या ओतल्या. दादा, काय गोळ्या उतरल्या म्हणून सांगू! आरशासारख्या चकचकीत. साच्याची रेघ न् रेघ उठलेली. एक फरशीवर पडली तर घंटेसारखी वाजली. नखाचा ओरखडा उठला तरच ते खरं शिसं, असं बाबा म्हणायचे. पण खिळे उचलून उचलून माझी नखंच राहिली नाहीत, तेव्हा परीक्षेला सुट्टी दिली.

यांना अजून दाखवल्या नाहीत. जुन्या काढून घेऊन सामन्याच्या सकाळी या नव्या डबीत भरून देणार आहे. तुम्हीही कळवू नका, नाहीतर माझी मजा जाईल.

वहिनीला नमस्कार. धाकटीवर माया आहे तेवढी असू द्या, वाढली तर मी नको म्हणणार नाही.

तुमची,
ठिणगी

---

१८ जानेवारी

चि. ठिणगीस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि तुझी तार दोन्ही आज एकदम हातात पडली. इकडे रस्ता खचला आहे, तारेचे खांबही आडवे झाले आहेत. पोस्टमन डोंगरावरून पायी आला. तार उघडायची छाती झाली नाही म्हणून मी आधी पत्र उघडलं. वाचता वाचता हसलो. मग हसू गेलं. मग तार उघडली.

नळी फुटली, घड्याळजींचा उजवा डोळा गेला आणि उजव्या हाताची बोटं गेली, एवढंच त्यात आहे. बाई, तारेत माणूस मावत नाही. सविस्तर लिही. जेवतात का, बोलतात का, ताप आहे का? मी निघालोच असतो, पण मोटारी सुटायला अजून बरेच दिवस लागतील असं सगळे सांगतात. तुझी वहिनी सकाळपासून एकाच जागी बसून आहे.

एक गोष्ट मात्र लगेच कर. उरलेल्या गोळ्या कुणालाही देऊ नकोस. मंडळातल्या कुणी आठवण म्हणून मागितली तरी नाही. डबी बंद करून ठेव, मी आलो की बघतो. तू त्याचा विचार करत बसू नकोस. तू फक्त त्यांच्याजवळ बस.

मी देवासमोर बसलो होतो. काय मागावं ते सुचेना. डोळा परत दे असं मागता येत नाही, एवढं शहाणपण पन्नाशीला आलं आहे. तुला बळ दे असं मागितलं.

या घराची माया तुझ्या पाठीशी आहे, ती धरून राहा.

तुझा,
दादा

---

२७ जानेवारी

ती. दादांस, सा. न. वि. वि.

सविस्तर लिही म्हणता, तर लिहिते.

मी दोरीच्या अलीकडे, बघ्यांत उभी होते. यांनी डबी उघडली, गोळी हातात घेतली आणि माझ्याकडे बघून हसले. पहिल्या चार गोळ्या लागल्या. फार छान नाही, पण लागल्या. दर वेळी गज मारायला जास्त वेळ लागतोय असं मला वाटलं. शेवटी तर लाकडी ठोकळ्यानं गजावर मारत होते. पाचव्या वेळी त्यांनी चाप ओढला आणि आवाज वेगळाच आला. धूर खाली बसला तेव्हा नळी मधोमध केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. हे उभेच होते. हातातून काय गेलं ते बघत उभे होते.

दवाखान्यात लोखंडी खाटांची लांब ओळ आहे, त्यात खिडकीजवळची यांची. मलमपट्टी बदलताना ओरडत नाहीत. चादरीचं टोक दातात धरतात. नर्स म्हणते, असा शांत रोगी पाहिला नाही. मला ती शांतता सहन होत नाही.

मंडळातले लोक सांगतात की गोळी दारूपर्यंत पोचली नाही, मध्येच अडकली. दारू आणि गोळीच्या मध्ये पोकळी राहिली की नळी फुटते. हे तर मलाही ठाऊक आहे, बंदूकवाल्याची मुलगी आहे मी. हे म्हणतात, माझीच चूक झाली. पण वीस वर्षं ठासणीची बंदूक चालवणारा माणूस, घड्याळातलं केसाएवढं चाक बसवणारा माणूस, असा चुकतो? दादा, ते कुणावर तरी पांघरूण घालताहेत.

मी रात्रंदिवस हाच विचार करते. गोळी अडकली, कारण ती नळीपेक्षा मोठी होती. गोळीचं माप साचा ठरवतो. साचा तुम्ही कापलात. आधीच्या गोळ्या बसत होत्या हे खरं, पण तेव्हा हे सावकाश, दर गोळीनंतर नळी पुसत चालवत होते. सामन्यात ओळीनं चालवायची म्हणजे काजळी साठते. ती सोसेल एवढी फट साच्यानं ठेवायला हवी होती ना?

मला खरं सांगा. साचा मोठा झाला होता का?

उरलेल्या गोळ्या सापडत नाहीत. हे म्हणतात, कुणाला तरी सांगून नदीत टाकायला लावल्या. का, ते सांगत नाहीत.

तुमच्या मायेचीच आस आहे, पण उत्तराची त्याहून जास्त.

ठिणगी

---

५ फेब्रुवारी

ती. दादा यांस, सा. न. वि. वि.

डाव्या हाताचं पहिलंच पत्र. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, गोड मानून घ्या. हिला कामावर पाठवून लिहितो आहे. उत्तर घरी नको, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

तुम्हाला सगळं समजलं असणारच. गोळ्या चकाकत होत्या, असं तिनं मोठ्या कौतुकानं तुम्हाला कळवलं होतं म्हणे. पहिली गोळी हातात घेतली तेव्हाच मी ओळखलं. हाताला हलकी. नख लावलं तर नख घसरलं. खिळ्यांचा धातू होता तो. बाबांनी आपल्याला काय शिकवलं? मऊ शिसं साच्यात निवताना आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा कापायचा. हा धातू आकसला नाही. गोळी साच्याएवढीच राहिली, आणि वर दगडासारखी कडक. नळीत दबायला तयार नाही.

आणि ही दोरीपलीकडे उभी होती, दादा. शाळेतल्या मुलीसारखी टाचा उंचावून. मी हसलो. म्हटलं, पातळ चिंधी लावू, जाईल. पहिली गेली, दुसरी जोरानं गेली. पाचवी काजळीत अडकली. गजावरची खाच नळीच्या तोंडाला येऊन भिडायला हवी, ती वीतभर वर होती. मी ती पाहिली. तिथेच बंदूक खाली ठेवायची, नळी उघडून गोळी काढायची, सामना सोडायचा. मी म्हटलं, उडवून टाकू. म्हणजे दोष माझा. हे मी तिला सांगितलं, पण तिला वाटतं मी तुमच्यावर पांघरूण घालतो आहे. एवढ्यातही मला हसू आलं.

आता मागणं. तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आहे. ती रोज सकाळी त्याच खिळ्यांसमोर उभी राहते, त्यांनाच दिवसभर हात लावते. तिला कळलं तर तो हात ती पुन्हा कशालाच लावणार नाही, मलासुद्धा नाही. साचा मोठा होता असं तिला लिहा. तुमच्यावरचा राग तिला झेपेल. स्वतःवरचा झेपणार नाही.

फार मागतो आहे. तरी लोभ तुटू देऊ नका.

आपला,
घड्याळजी

---

१४ फेब्रुवारी

घड्याळजी यांस, स. न. वि. वि.

मापाच्या बाबतीत मी आजवर खोटं बोललो नाही. बाकी बाबतीत बोललो असेन, माणूस आहे. पण गिऱ्हाइकाला कधी केसभराची थाप मारली नाही. बाबा म्हणायचे, आपल्या धंद्यात खोटं माप म्हणजे कुणाचा तरी हात.

तुमचं पत्र घेऊन मी पाण्याच्या काठी बसलो. देवाला विचारलं. तो असल्या वेळी गप्प बसतो. मग मनात आलं, ती लहान असताना माझ्या ऐरणीवर तिचं बोट सापडलं होतं, तेव्हा मी तिच्यासमोर ऐरणीलाच चापट मारली होती. ऐरण काही बोलली नाही. ती मात्र रडायची थांबली.

तिला वेगळं पत्र आजच्याच टपालानं टाकतो आहे. तुम्ही हात जपा, आणि डावा डोळाही. एका डोळ्याला मार बसला की कधी कधी दुसराही रुसतो, असं ऐकून आहे. डॉक्टरांना आठवणीनं विचारा.

लोभ तुटण्यातला नाही.

दादा

---

१४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू खरं विचारलंस. सांगतो.

साचा मोठा झाला. नळी घासल्यावर मऊ शिशाचा गोळा आरपार ठोकून मी नळीचं माप घेतलं होतं. त्याच्यावर नळीच्या आतल्या पिळदार खाचांचे छाप उठतात, ते कॅलिपरनं मोजायचे असतात. छाप मोजताना हात चुकला. काजळीसाठी सोडायची फट राहिली नाही. वयानं नजर उतरली आहे, ते मी मनावर घेतलं नाही.

घड्याळजींचा दोष नाही. तुझा तर नाहीच नाही. हे एवढं माझं ऐक.

रागव. मी ऐकून घेईन. पण जेवत जा.

तुझा,
दादा

---

२२ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. नजर उतरली होती तर चष्मा लावायचा होता. बाबांच्या बंदुकीवर हात कशाला साफ केला?

यांच्या डाव्या डोळ्यालाही आता धुकं दिसतं. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. दुकानाला कुलूप लावलं. भिंग मी कपाटात वर, हात पोचणार नाही तिथं ठेवलं आहे, म्हणजे रोज दिसणार नाही.

तुम्ही यायचं म्हणत होतात. येऊ नका. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला दाराबाहेर काढलं असतं. मी ते त्यांच्या वतीनं करते आहे.

तुमचा साचा माझ्याकडेच आहे. परत मागू नका.

---

११ मे

ती. दादांच्या चरणी धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

एवढे दिवस तुमच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. वहिनीनं धाडलेली शालसुद्धा घडी न मोडता ठेवली होती. आज मोडली. यांच्या खांद्यावर घातली आहे.

डावा डोळा गेला. पूर्ण. आता हे खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळांचे आवाज ऐकतात. कुठलं मागे पडलं ते सांगतात आणि मी काटा सरकवते. आलेलं प्रत्येक पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवते. तुमची जुनी पत्रंही पुन्हा वाचायला लावतात.

हे पत्र मी छापखान्यात लिहिते आहे. का ते आता कळेल.

मागच्या आठवड्यात नवे खिळे घेऊन ओतकामाचा कारागीर आला होता. चहा पिताना बोलता बोलता मी सहज विचारलं की खिळ्याचं अक्षर एवढं धारदार कसं येतं. तो म्हणाला, नुसतं शिसं निवताना आकसतं, कडा मरतात. म्हणून त्यात दुसरे धातू घालतात. मग ते आकसत नाही आणि दगडासारखं कडक होतं. दादा, माझ्या हातात तेव्हा कप होता. तो मी नीट खाली ठेवला एवढं आठवतं.

नळकाम करणाऱ्याकडून मऊ शिशाचा तुकडा आणला. हे शेजाऱ्यांबरोबर फिरायला गेले असताना तुमच्या साच्यात एक गोळी ओतली. मळकट उतरली, आवाज नाही. फुटलेल्या नळीचा पुढचा अर्धा भाग मी जपून ठेवला आहे. चिंधीत गुंडाळून गोळी तोंडावर ठेवली, अंगठ्यानं दाबली, आत गेली. गज जवळजवळ आपल्याच वजनानं खाली उतरला. नळीला काजळी फासून पुन्हा केलं, तरी गेली. मग खिळ्याची एक ओतली. चकचकीत. ती तोंडाशीच अडून बसली. मी ठोकळा घेऊन मारत राहिले, मारतच राहिले.

तुमचा साचा बरोबर होता. तुमचा हात चुकला नव्हता. यांनी उरलेल्या गोळ्या नदीत का टाकायला लावल्या, तेही आता कळलं. तुम्ही दोघांनी मिळून मला दाराबाहेर ठेवलंत आणि दाराला पाठ लावून उभे राहिलात.

पहिले दोन दिवस कामाला हात लागेना. यांना जेवण वाढताना माझ्या हाताला त्यांचा मनगटापुढचा थोटा हात लागला आणि मी भांडं टाकलं. त्यांना वाटलं माझा अजून तुमच्यावरच राग आहे. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, दादांना माफ कर, त्यांचं वय झालं आहे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, दादा, काहीतरी समाधान होतं. त्या अंधारात त्यांच्याजवळ आता एवढंच उरलं आहे. मला वाचवलं, हे. ते मी काढून घेणार नाही.

म्हणून मला कळलं आहे हे त्यांना कधी कळता कामा नये. मला एक मदत करा. पुढच्या पत्रात साच्याचा विषय पुन्हा काढा. मी मोठ्यानं वाचीन, मध्येच चिडल्यासारखी थांबेन, ते मला समजावतील. त्यांना तेवढं काम राहू दे. त्या पत्रात माझ्यासाठी वेगळं काही लिहू नका, चिठ्ठी घालू नका. कागदाच्या घडीचा आवाजही आता त्यांना ऐकू येतो.

मी दाराबाहेर काढलं होतं तुम्हाला. या. यायला सवड नसेल तर निदान तुमच्या लोभातून मला बाहेर काढू नका.

तुमची,
ठिणगी

---

२० मे

चि. ठिणगी आणि घड्याळजी या उभयतांस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

घड्याळजी, पत्र ही वाचते आहे ना? मध्ये काही गाळलं असं वाटलं तर पायानं ढोसा. लहानपणी बाबांना बातम्या वाचून दाखवताना अर्धं पान उडवायची ही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीनं मला अखेर चष्मा लावायला लावला. तो लावून आरशात पाहिलं तर बाबाच समोर उभे. दचकून मी नमस्कार करणार होतो.

ठिणगे, नको असलेला विषय काढतो. साचा मीच केसभर मोठा कापला. चूक माझीच. तू अजून चिडलेली असशील. चिड. घड्याळजी, तुम्ही तिला आवरू नका असं म्हणणार होतो, पण तुम्ही आवरणारच, ते मला ठाऊक आहे.

मात्र ज्यानं ही चूक केली त्या माणसाविषयी दोन शब्द लिहायचे आहेत, ते शेवटपर्यंत वाच. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्या माणसानं जिंकावं, आपल्या हातचं काम बघून त्याच्या तोंडावर हसू यावं, एवढ्याच आनंदात तो होता. त्या आनंदात एक परीक्षा घ्यायची राहून गेली. देवाच्या दारात मापं कशी घेतात मला ठाऊक नाही, पण तिथं कॅलिपर नसावा असं वाटतं. तिथं अंगठ्यानंच दाबून बघत असतील.

त्या माणसाला माफ कर, ठिणगे. एकदम जमणार नाही, एकदम करूही नकोस. रोज थोडं. तो हात पुन्हा कामाला लागू दे, घरच्यांच्या पाठीवरून फिरू दे. तो तुझ्याकडे मान खाली घालून उभा असेल, तर एवढंच सांग की जेवून घे.

आता थांबतो. रस्ता सुरू झाला आहे. पुढच्या आठवड्यात मी येतो आहे. दारात उभं ठेवलंत तरी उभा राहीन. घड्याळजींचं मागे पडलेलं एखादं घड्याळ माझ्यासाठी तसंच ठेवा, काटा मी सरकवीन.

तुमचा लोभ माझ्यावर असावा, आणि त्यातला थोडा, वाचणारीनं स्वतःसाठीही ठेवावा.

तुमचा,
दादा